कोपरापर्यंतचे तांदूळ

थेनफाई,
शनिवार, १३ ऑक्टोबर २००७

प्रिय किमीताईस,
सियामीचा सप्रेम सलाम.

तू, भाऊजी आणि मुलं प्रभूच्या कृपेने बरी असाल. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे होते तसेच आहेत, डोळे त्याहून वाईट आहेत, पण जीभ शाबूत आहे, तेव्हा काळजी करू नकोस.

तुझं पत्र सुमोवाल्याने मंगळवारी आणून दिलं. अर्ध्या पत्रात ‘आईला जपतेस ना’ आणि उरलेल्या अर्ध्यात ‘खरं काय ते लिही’. म्हणून खरं काय ते लिहिते.

उंदरांचं तू आयझॉलमध्ये ऐकलंच असशील. बांबू फुलला तेव्हा बुआंगी आजी म्हणाली होती, ‘मी लग्न होऊन आले त्या साली असाच फुलला होता आणि मागोमाग उंदरांनी शेतं फस्त केली होती, आता बघा.’ आम्ही हसलो. म्हातारीला सगळ्याच गोष्टी तिच्या लग्नाच्या साली झालेल्या आठवतात. या वेळी बरोबर ठरली. मागच्या महिन्यात आपल्या उतारावरच्या शेतात गेले तर पेंढा उभा आणि लोंब्या एकीलाही नाहीत. मक्याचंही तेच. सगळं गाव सकाळी उठून रानात कंद खणायला जातं. मुलं मेलेल्या उंदरांच्या शेपट्यांच्या जुड्या बांधून मिरवतात. तुझ्या-माझ्या लहानपणी आपण रानफुलांच्या बांधायचो.

तरीही देवळासाठी तांदळाची मूठ काढणं चालू आहे. दर शनिवारी मी टोपली पाठीला लावून, पट्टा कपाळावर घेऊन आपल्या वाडीतली अकरा घरं फिरते आणि प्रत्येकीच्या चुलीशेजारचा देवाचा डबा रिकामा करून आणते. महिला मंडळाने मात्र ठरवलं आहे, की ज्या घरी भात शिजत नाही तिथे मूठ मागायची नाही. भात शिजला तर धुण्याआधी एक मूठ देवाची, नाही शिजला तर नाही. सगळ्यांना पटलं. आपल्या आईला सोडून.

आता सकाळी आपल्याकडे कंदच शिजतो. पण आईची मूठ दोन्ही वेळेला. मी म्हटलं, ‘आई, सकाळी भात कुठे शिजला?’

‘चूल पेटली ना? पोटात काही गेलं ना?’

‘कंद गेला.’

‘मग काय देवाला कंद देऊ?’

तू असतीस तर वाद घातला असतास. मी डबा पुढे केला.

एक बातमी मात्र चांगली आहे. आईला दिसत नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी पिंपात हात घालून तांदूळ चाचपते, तुला माहीत आहे. मध्ये थोडे खाली गेले होते, पण आता चार आठवडे झाले, हात घातला की कोपर बुडायच्या आतच बोटांना तांदूळ लागतात. ‘सियामी, अजून कोपरालाच आहेत गं!’ असं इतक्या मोठ्याने ओरडते की पलीकडच्या छुआनीच्या आईला ऐकू जातं. दुष्काळात जिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही त्या विधवेची गोष्ट पाळकांनी सांगितल्यापासून तिला खात्रीच पटली आहे. मी काय बोलणार? तांदूळ कोपराला लागतात हे खरं आहे.

जेवणही मध्यंतरी तिचं कमी झालं होतं, ते आता ठीक आहे.

तेव्हा तू आमच्यासाठी तांदळाचं पोतं ठेवलंयस ते राहू दे. ज्यांना गरज आहे त्यांना दे. दोन वर्षांपूर्वी तू आईला न्यायला आलीस आणि ती गेली नाही, तेव्हा अंगणात उभी राहून तू मला जे म्हणालीस ते मी केव्हाच विसरले आहे. ते मनात धरून नको म्हणते असं समजू नकोस.

मुलांना पापा.

तुझी,
सियामी


थेनफाई,
शनिवार, १० नोव्हेंबर २००७

प्रिय किमीताई,
सप्रेम सलाम. तुमच्याकडे सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं.

माझं पत्र तू तुमच्या देवळात सगळ्या मंडळीपुढे वाचून दाखवलंस, हे मात्र मला विचारून केलं असतंस तर बरं झालं असतं. आईच्या पिंपाचं ऐकून बायका रडल्या, असं लिहितेस. आणि आमच्यासाठी ठेवलेलं पोतं तू त्याच दिवशी दुसऱ्या गावाला पाठवून दिलंस. बरं केलंस. मीच तसं लिहिलं होतं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. शेवटी तू लिहिलं होतंस, ‘तुला बोलले त्याची लाज वाटते, आई तुझ्याकडे उपाशी मरेल असं मी म्हणाले होते आणि देवाने मला उत्तर दिलं.’ तेवढं वाक्य मी गाळलं. का गाळलं ते विचारू नकोस.

आता इथलं. गेल्या रविवारी दुपारच्या उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली आणि मला काही कळायच्या आत आई काठी टेकत उभी राहिली. दिसत नसल्यामुळे तोंड खिडकीकडे करून बोलली. ‘मी म्हातारी तुम्हाला काय शिकवणार. पण माझ्या पिंपात हात घालून बघा. ऑगस्टपासून मी एकही मूठ चुकवली नाही, आणि खाली गेलेले तांदूळ देवाने पुन्हा कोपराला आणले.’ एवढंच बोलून खाली बसली. देवळाचा कारभार बघणारे मंडळीचे वडील झाउवा नेहमी साक्ष लांबली की घड्याळ काढतात. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पाळकांनी प्रार्थना केली, आणि सगळी माणसं एकदम, आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागली. मी शेजारी बसले होते. आईची काठी धरून जमिनीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर बायकांनी आईला गराडा घातला. एकीने तिचा हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावला. बुआंगी आजी तेवढी म्हणाली, ‘माझ्या पिंपात का नाही गं होत असं? मी काय कमी देते?’ सगळ्या हसल्या. मीही हसले.

काल छुआनीच्या आईने मला कुंपणावरून हाक मारली. तुला ती आठवत असेल, दोन पावलं चालली तरी गाणं म्हणणारी. तिचा नवरा कंद खणताना घसरून पायाने अधू झाला आहे. तीन मुलं. सप्टेंबरात मी स्वतःच तिला सांगितलं होतं की तुझ्या घरी भात एक वेळही धड शिजत नाही, तू मूठ देऊ नकोस. काल म्हणते, ‘डबा पुन्हा ठेवलाय. शनिवारी माझ्याकडे येत जा.’

मी म्हटलं, ‘वेडी आहेस का? पोरांना काय देशील?’

‘तुझ्या आईचं ऐकल्यावरही तू असं बोलतेस, सियामी? तू तर रोज डोळ्यांनी बघतेस.’

मी आत निघून आले.

आज गेले तिच्याकडे. डबा अर्धा भरला होता. तांदूळ निवडून, खडे काढून ठेवले होते. मी ते टोपलीत ओतले आणि ती गुणगुणत उभी होती.

ताई, माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुझ्या मुलीला नेसायला जो पुआन विणायला घेतला होता तो तीनदा उसवला. मागावर बसले की उठते, उठले की काय करायला उठले ते आठवत नाही. आईने काल विचारलं, ‘घरात कोण येरझाऱ्या घालतंय?’ मी म्हटलं, मीच. म्हणाली, ‘बस मग. देव भरवतोय ना?’

मी तिच्यावर खेकसले. का खेकसले ते तिला कळलं नाही.

तुला लिहायला बसले ते काही वेगळंच लिहायला बसले होते. सुमोवाला हॉर्न वाजवतोय, पत्र घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणतो.

सियामी


थेनफाई,
शुक्रवार, १४ डिसेंबर २००७

किमीताई,

आज खुशाली विचारत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तुला माझी विचारावीशी वाटली तर विचार.

पिंपात तांदूळ मी घालत होते.

हे एक वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. आता लिहिलंय तर सगळं लिहिते.

ऑगस्टच्या शेवटी तांदूळ आईच्या कोपराखाली गेले. त्या दिवसापासून तिने ताट अर्धं टाकायला सुरुवात केली. ‘पोट भरलं.’ ‘आज भूक नाही.’ ‘दात दुखतोय.’ तिला दात किती उरलेत ते तुला माहीत आहे. स्वतः जेवत नव्हती आणि देवाची मूठ मात्र दोन्ही वेळेला डब्यात. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. मी रागावले, रडले, वडील झाउवांना बोलावून आणलं. काही उपयोग नाही. ‘देव म्हणाला द्या, मी देते. पुढचं तो बघेल.’

तो बघेल म्हणून थांबणं माझ्यात नव्हतं ताई. मला वाटलं, तो बघेपर्यंत ही मरेल.

म्हणून एक दिवस ती अंगणात असताना मी देवाचा डबा उचलला आणि पिंपात ओतला. आमचेच तांदूळ होते. आमच्या घरचा डबा मीच टोपलीत रिकामा करणार, विचारणारं कोणी नाही. मग रोजचंच झालं. ती मूठ बाजूला ठेवायची, मी ती पिंपात परत घालायची, ती दुसऱ्या दिवशी तीच मूठ पुन्हा काढायची. ते दाणेही कंटाळले असतील.

पण तेवढ्याने पिंप कोपराला येत नाही. ते खालीच जात होतं. आणि आई चाचपून पुन्हा ताट सारायला लागली.

आता पुढचं. देवळातली तांदळाची कोठी रविवारीच उघडते. शनिवारी गोळा केलेली टोपली रात्रभर आपल्या घरात असते, आजीच्या वेळेपासून. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी मी त्या टोपलीतले दोन माप तांदूळ आपल्या पिंपात ओतले. अकरा घरांची मूठ. पुढच्या शनिवारीही तेच. किती घालायचे ते मी माझा हात घालून ठरवायचे. बरोबर कोपरापर्यंत.

आणि आई जेवायला लागली, ताई. ताट पुसून जेवायची. गालांवर रंग आला. मी समोर बसून बघायचे आणि मनात म्हणायचे, हे जर पाप असेल तर असू दे.

तुला पोतं पाठव म्हणाले असते तर यातलं काहीच झालं नसतं. तू विचारलंही होतंस. पण मी तुझ्यापुढे हात पसरला असता तर तू अंगणात म्हणालीस ते खरं झालं असतं. ते मी विसरले नव्हते. एक दिवसही विसरले नव्हते. देवाच्या टोपलीत हात घालायला मला लाज वाटली नाही, तुझ्याकडे मागायला वाटली. हे मी आता लिहिते आहे आणि माझंच तोंड मला बघवत नाही.

नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला, शनिवारी, मी नेहमीप्रमाणे डबे गोळा करून आले. छुआनीच्या आईचा डबा त्या दिवशी पाऊण भरला होता. दुपारी देवळात मुलांच्या नाताळच्या गाण्यांची तालीम होती. मी झाडायला गेले होते. छुआनी पहिल्या ओळीत उभी होती. ती नऊ वर्षांची आहे, आईसारखाच आवाज. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज थांबला आणि ती खाली बसली. मग आडवीच झाली. पाणी मारलं, हात चोळले. डोळे उघडल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘सकाळी काय खाल्लंस?’ तर म्हणाली, ‘खाल्लं ना. भाजीचं पाणी.’ ‘आणि भात?’ तर ती म्हणाली, ‘भाताचे तांदूळ आई देवाच्या डब्यात घालते. आजींच्या पिंपासारखं होणार आहे आमचं पिंप.’

ताई, माझ्या हातात झाडू होता. मी तो तिथेच टाकला आणि घरी आले.

आई चुलीशी बसून कंद सोलत होती. ऊन अजून दारात होतं. मी तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं, वर तुला लिहिलं तसंच, पण इतकं नीट नाही. मध्ये तिने कंद सोलायचा थांबवला नाही. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. सांगून झाल्यावर तिने सुरी खाली ठेवली, भिंतीला धरून उठली, पिंपाकडे गेली आणि झाकण काढून हात घातला. कोपरापर्यंत. बराच वेळ तसाच ठेवला.

मग एवढंच विचारलं, ‘म्हणजे हे तांदूळ कुणाचे?’

मी म्हटलं, ‘सगळ्यांचे. छुआनीच्या आईचेही.’

‘बांध.’

‘आई, निदान आजच्यापुरते…’

‘सगळे बांध.’

मी पिंप आडवं करून शेवटचा दाणा हाताने झाडून काढला. ती शेजारी उभी राहून आवाज ऐकत होती. मला दोन शब्द तरी बोलेल, शिव्या देईल, काठी उगारेल, याची मी वाट बघत होते. ती म्हणाली, ‘मी देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलले. या वयात.’

‘तू नाही बोललीस. तुला काय माहीत?’

‘पिंप माझं. साक्ष माझी. खोटं कुणाचं?’

रविवारी ती जेवणाशिवाय निघाली. देवळापर्यंतचा चढ तुला माहीत आहे. मी पाठीवर ते गाठोडं घेऊन मागून. साक्षीच्या वेळी ती उठली आणि या वेळीही तोंड खिडकीकडेच. ‘तीन आठवड्यांपूर्वी मी इथे सांगितलं ते खरं नव्हतं. माझं पिंप देवाने भरलं नाही. माझ्या मुलीने भरलं, तुमच्या मुठींनी. मी तेच जेवले. माझ्याकडे बघून ज्यांनी दिलं असेल त्यांनी मला क्षमा करावी.’

मी तिच्या शेजारी उभी राहिले. मला बोलायचं होतं, पण फक्त ‘मी केलं’ एवढंच निघालं.

वडील झाउवांनी घड्याळ काढलं आणि न बघताच परत ठेवलं. मग मागून बुआंगी आजीचा आवाज आला, ‘तरीच म्हटलं माझं पिंप का भरेना!’ दोनचार जणी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक बसली. मला बाहेर ठेवलं, ते योग्यच. आईला आत बोलावलं. बाहेर पायरीवर बसून मला आतला फक्त गलका ऐकू येत होता. ठरलं ते असं: नाताळापर्यंत, आणि नंतरही गरज असेपर्यंत, गावाची मूठ देवळाच्या चुलीवर शिजणार. दुपारी सगळ्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना पातळ भात. एरवी ही मूठ दूरच्या मिशनच्या कामाला जाते, ती मागाहून पाठवू. ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांना त्याच साठ्यातून माप मिळणार. त्या यादीत आमचंही घर घातलं. आईला ते ऐकून कसं वाटलं असेल तू विचार कर. पण तिने मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाली, ‘घ्यायलाही सांगितलंय देवाने. फक्त मागून घ्यायचं असतं.’ आणि माझा हात धरून उतार उतरली.

छुआनीच्या आईकडे सोमवारी गेले. तिने आतापर्यंत दिले होते त्याच्या दुप्पट तांदूळ मी मोजून नेले होते, त्यांच्या बदल्यात मंडळाकडे माझे दोन पुआन ठेवून. ती परसात लाकडं फोडत होती आणि गात नव्हती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ‘तुझे आहेत. आईच्या पिंपाकडे बघून दिलेस ना. ते पिंपच खोटं होतं.’

तिने कुऱ्हाड खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते, ते धुराने होते की माझ्यामुळे ते मला कळलं नाही.

‘पोरगी पडली तेव्हा तुला मारून टाकावंसं वाटलं मला.’

‘मार.’

‘गप्प बस. मी तुझ्या आईच्या पिंपाला दिलं होतं का? तिचं ऐकून धीर आला, एवढंच. दिलं त्याला. तू मधल्या मध्ये घेतलंस ते तुझं आणि त्याचं. माझं दिलेलं दिलेलं आहे, ते तू मला परत आणून देऊ नकोस. ही पिशवी देवळात ने. माझी पोरं दुपारी तिथेच जेवतील.’

मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, तीन पोरं असताना हे कसलं वेड, देव काय तुझ्या मुठीवाचून अडलाय? ताई, मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं चूक नव्हतं. लेकराच्या तोंडचा घास काढून द्यावा असं तो म्हणेल हे मला पटत नाही. आणि तरीही तिच्यापुढे उभी असताना मीच खुजी वाटत होते. हे दोन्ही माझ्या डोक्यात गेले तीन आठवडे भांडताहेत आणि कोणीच जिंकत नाही. पाळकांना विचारलं तर म्हणाले, ‘प्रार्थना कर.’ आईला विचारलं तर म्हणाली, ‘तिने पोरांना आधी खायला घातलं पाहिजे हे तिला मी सांगेन. तू तुझं बघ.’ आणि खरंच जाऊन सांगून आली. आता छुआनीची आई सकाळी मुलांना भात घालून शाळेत पाठवते आणि मूठ स्वतःच्या ताटातली काढते. तिला कोण समजावणार?

निघताना मी पिशवी उचलली तर ती म्हणाली, ‘शनिवारी डबा न्यायला कोण येणार?’

‘मंडळ दुसरी कोणी ठरवेल. माझ्याकडून टोपली काढून घेतली.’

‘मी त्यांना सांगितलंय, माझ्याकडे दुसरी कोणी आलेली चालणार नाही.’

‘का? मला लाज वाटावी म्हणून?’

‘हो,’ ती म्हणाली, आणि कुऱ्हाड उचलली.

मंडळाने तिचं ऐकलं आणि सगळ्याच घरांची टोपली पुन्हा माझ्याकडे दिली. मागचे दोन शनिवार मी गेले. टोपली आता रात्री आपल्या घरी नसते. मी ती थेट देवळात नेते आणि वडील झाउवा किल्ली घेऊन दारात उभे असतात. त्यांना बघून माझ्या कानशिलात गरम होतं. पण जाते. एकेका दारात डबा माझ्या हातात देताना बायका एक क्षण तो सोडत नाहीत. मग सोडतात.

आई जेवते का, हे तू विचारशील. जेवते. मलाही भीती होती. पहिल्याच दिवशी मी ताट पुढे केलं आणि बघत बसले. ती म्हणाली, ‘असं बघू नकोस. मी जेवावं म्हणून तू देवाची चोर झालीस. आता न जेवून तुझी चोरी पण फुकट घालवू?’ आणि मिळालेलं सगळं संपवलं. ते फार नव्हतं.

आता तुझ्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली. माझं ते ऑक्टोबरचं पत्र तू जिथे उभी राहून वाचलंस, तिथेच उभी राहून हेही वाच. गाळू नकोस. मी तुझं वाक्य गाळलं होतं, तू माझं एकही गाळू नकोस.

दुसरी. ताई, आमच्याकडे तांदूळ नाहीत. जमलं तर पाठव. नाही जमलं तर नाताळला नुसती ये. आई तुझी वाट बघते आणि मीही बघते. अंगणात उभी राहून तू जे म्हणालीस ते पुन्हा म्हणालीस तरी चालेल, पण ये.

आज संध्याकाळी आईने मला बोलावलं. ‘आता मूठ तू काढत जा,’ म्हणाली. ‘माझ्या हाताला आता खालचं लागत नाही.’ मी पिंपात हात घातला. खांद्यापर्यंत आत गेला, गाल पत्र्याला टेकला, तेव्हा कुठे बोटांना तांदूळ लागले. आमचं माप काढलं आणि मग देवाची मूठ. माझी मूठ आईच्या मुठीपेक्षा मोठी आहे. डब्यावर हात नेला तेव्हा वाटलं, दोन बोटं जरा सैल सोडावीत, कोणाला दिसणार आहे.

नाही सोडली.

तुझी धाकटी बहीण,
सियामी